फरसाणातला फ, द्राक्षातला द्र

"बाबा, बोर्ड तुम्हीच करायचा हं," मुलगी म्हणाली, तेव्हा मी वरणभात कालवत होतो. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आठ वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे आणि खांदे वळवून झाल्यावर तिने इंदिरानगरात स्वतःसाठी एक गाळा घेतला होता. मी मोठा घास तोंडात कोंबला आणि मान डोलावली. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही, हे मी त्या दिवसांत शिकलो होतो.

पस्तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. नाशिक शहरात तर रंगवल्याच, शिवाय घोटीच्या भाताच्या गिरण्या आणि येवल्याची पैठणीची दुकानंही माझ्या ब्रशाखालून गेली. माझं अक्षर लांबून ओळखू येतं असं लोक म्हणायचे आणि मी ते बिनतक्रार खरं मानायचो. पुढे फ्लेक्स आला, निम्मा धंदा गिळून बसला. फ्लेक्सवाल्यांना शिव्या घालत मी उरलेली गिऱ्हाइकं सांभाळली. आणि मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला माझा उजवा हात हलायला लागला. ब्रश भिंतीपाशी नेऊन क्षणभर थांबलो की टोक थरथरायचं. हातातली दोन कामं मी "खांदा धरलाय" असं सांगून परत केली आणि नवीन घेतलंच नाही.

हे घरात फक्त बायकोला माहीत होतं. तिला मी स्वतःची शपथ घातली होती. मुलीला कळलं तर ती मला टेबलावर बसवणार, हात उलटसुलट करून बघणार आणि गोड आवाजात म्हणणार, बाबा, आता पुरे झालं. ते "पुरे" मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं, तिच्या तर नाहीच. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? पण आता बोर्डाला नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि हो म्हणावं तर रंगवावा लागणार.

"कधी हवाय?" घास संपल्यावर मी विचारलं.

"दीड महिन्याने उद्घाटन आहे. घाई नाही," ती म्हणाली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली. भात आवडला नाही की काय, असं तिला वाटत असावं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या गॅलरीत एका प्लायवर मी नुसता 'फ' काढून पाहिला. तो 'फ' मी इथे वर्णन करणार नाही. प्लाय उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला आणि दिवसभर बायकोवर चिडचिड केली.

अक्षरं कापणारं मशीन असतं हे मला ठाऊक होतं. गाड्यांच्या काचांवर आणि नंबरप्लेटांवर चिकट कागदाची अक्षरं लावणारे रेडियमवाले प्रत्येक गॅरेजशेजारी बसलेले असतात. पण शहरातले रेडियमवाले मला ओळखतात. निम्म्यांना मी तोंडावर "तुमचं काम म्हणजे शिक्का मारणं" असं म्हटलेलं आहे. आता त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? रंगाच्या दुकानात कुणीतरी बोलताना ऐकलं की अंबडच्या बाजूला एका शेडमध्ये सगळ्यांनी मिळून वापरायची वर्कशॉप निघाली आहे. तिथे मशीन आपण स्वतः चालवायचं. तिथे मला ओळखणारं कुणी नसणार, एवढ्या एका गोष्टीवर मी तिकडे गेलो.

शेडमध्ये एका बाजूला लाकूड कापायची यंत्रं होती, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, आणि मध्ये एक काचेची पेटी, तिच्यात एक नळी आपोआप प्लास्टिकचं कायतरी विणत होती. ती काय करतेय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्कशॉप सांभाळणारी बाई तिशीची होती, आधी कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं-साचे बनवणाऱ्या खात्यात, काम केलेली. तिला मी म्हटलं, मजकूर देतो, कापून द्या.

"काका, इथे आम्ही करून देत नाही. कसं करायचं ते शिकवतो."

मला राग आला. पस्तीस वर्षं अक्षरं काढलेल्या माणसाला ही अक्षर शिकवणार! पण परत जायला दुसरी जागा नव्हती. मी स्टूल ओढून बसलो. तिने मशीन दाखवलं. लांबट, बुटकं, एका टोकाला बोटभर नळीत बसवलेलं पातं. ते पातं इतकं लहान होतं की मला चष्म्यातूनही दिसेना. ती सांगत गेली: पात्याचा दाब किती, वेग किती, वरचा रंगीत थर कापायचा पण खालचा कागद कापायचा नाही, मग नको तो भाग उपटायचा, मग वरून चिकट टेप लावून सगळं एकदम उचलायचं. मी प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होतो. दहा-बारा वेळा बरं म्हणून झाल्यावर तिने विचारलं, "मग आधी काय करायचं?" मला एक अक्षर सांगता येईना.

शेजारच्या टेबलावर घोटीकडचा एक माणूस बसला होता. माझ्याच वयाचा, भाताची शेती आणि तांदळाची दुकानदारी दोन्ही करणारा. पोत्यांवर लावायची नावाची चिकटपट्टी कापायला तो दर आठवड्याला यायचा. तो हसला.

"पेंटर, असं बिचकू नका. मशीन हाय, कुत्रं नाय. चावत नाय."

"मी पेंटर आहे हे कुणी सांगितलं?"

"नखं बघा की तुमची. निळा रंग हाय अजून."

मी हात खिशात घातला. रंग नखांत महिनोन्‌महिने राहतो हे खरं, पण तो माझ्या हातांकडे बघत होता एवढंच माझ्या मनात राहिलं.

पुढच्या खेपेला मजकूर टाइप करायचा होता. बाईने पडद्यावर 'फिजिओथेरपी केंद्र' लिहिलं आणि पन्नासएक तऱ्हेची अक्षरं फिरवून दाखवली.

"यातलं कुठलं हवंय, काका?"

"ही अक्षरं कुणाची आहेत?"

"कुणाची म्हणजे? फाँट आहेत."

"काढली कुणी?"

ती गोंधळली. मीही गोंधळलो, कारण मला नेमकं काय म्हणायचंय ते मलाच सांगता येत नव्हतं. मुलीने बोर्ड "तुम्हीच करायचा" असं म्हटलं होतं. कुणा अनोळखी माणसाची अक्षरं मशीनने कापून आणली तर त्यात मी कुठे? मग मी फक्त पोहोचवणारा.

घरी येऊन माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात माझे जुने खाके होते. खाका म्हणजे ट्रेसिंग कागदावर काढलेलं अक्षर, त्याच्या कडेने सुईने भोकं पाडलेली. कागद भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की भिंतीवर ठिपके उमटतात आणि त्या ठिपक्यांवरून रंगवायचं. गिऱ्हाइकाने दुसरी शाखा काढली तर उपयोगी पडेल म्हणून मी खाके टाकत नसे. त्या गुंडाळ्यांतून मी एकेक अक्षर वेचलं. 'फ' एका फरसाणवाल्याचा. 'ज' जनरल स्टोअर्सचा, 'ओ' ओल्या भेळेचा, 'थ' थाळीचा, 'र' रसवंतीचा. 'प' येवल्याच्या पैठणीतला, चांगला पोट सुटलेला. 'क' केशकर्तनालयातून घेतला. 'द्र' सापडेना. मग एका द्राक्षबागेच्या सल्लागाराची पाटी आठवली आणि तिच्यात तो मिळाला. जुळवाजुळव करताना मी इतका खूश होतो की बायकोने चहा दिला तो मी पूर्वीसारखा उजव्या हाताने घेतला आणि अर्धा बशीत सांडला.

वर्कशॉपमध्ये ते कागद एका काचेवर ठेवून त्यांचे फोटो पडद्यावर आणले. माझी अक्षरं तिथे बघून मला कसंतरीच झालं. वीतभर 'फ' बाईने कोपऱ्याला धरून ओढला आणि तो हातभर झाला. आमच्या वेळी अक्षर मोठं करायचं तर सगळं नव्याने मोजायला लागायचं. आता तुम्ही करा, म्हणून तिने माउस माझ्या हातात दिला. मी अक्षराशेजारी अक्षर ठेवायला गेलो तर पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. हातात बोटभर हलायचं ते पडद्यावर वीतभर हलत होतं. मी मान वर केली नाही. बाई वाकली, कुठेतरी दोन बटणं दाबली आणि बाण मंद झाला. "आता बघा," एवढंच म्हणाली. तिला माझ्या हाताचं कळलं, का मशीनचाच काही दोष तिने दुरुस्त केला, हे मी त्या रात्री अंथरुणात कितीतरी वेळ ठरवू शकलो नाही.

मग पहिल्यांदा कापलं. गडद निळा चिकट कागद मशीनमध्ये सरकवला, पातं चालू झालं. आणि मी वेड्यासारखा बघत राहिलो. आम्ही पेंटर लोक अक्षराचं अंग आधी काढतो आणि माथ्याची रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे, श्वास रोखून एका दमात. मशीनला असलं काही नव्हतं. ते 'थे'च्या मात्रेपासून सुरू झालं, खाली उतरलं, पोटात शिरलं, मध्येच दुसऱ्या अक्षराला जाऊन परत आलं. ते अक्षर लिहीत नव्हतंच, अक्षराच्या कुंपणावरून चालत होतं. डोक्यावरची रेघ त्याने कधी काढली तेच मला दिसलं नाही.

"आता नको तो भाग उपटा," असं सांगून बाई दुसरीकडे गेली. मी चिमटा हातात घेतला. मान मोडेपर्यंत वाकून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, तासभर सावकाश उपटलं. अक्षरांचे तुकडेतुकडे निघत होते, पण मी चिकाटीने सगळे काढले आणि गोळा करून कचऱ्यात टाकले. घोटीवाला आपली पोत्यांची पट्टी घेऊन जाता जाता थांबला.

"पेंटर, अक्षरं कुठं गेली?"

मी कागदाकडे पाहिलं. निळा पट्टा शाबूत होता आणि त्यात अक्षरांच्या जागी भोकं होती. जन्मभर मी स्टेन्सिल कापली. स्टेन्सिलमध्ये अक्षर कापून फेकायचं आणि भोकाचा पत्रा जपायचा, त्यातून रंग मारायचा. हातांनी तेच केलं होतं. इथे उलटं होतं. इथे अक्षर ठेवायचं होतं आणि आजूबाजूचं फेकायचं होतं.

"लय भारी," तो म्हणाला. "आता बोर्डावर भोकं चिकटवा. लोक वाचतील अंदाजानं."

मी त्याच्यावर खेकसलो. इतका की शिलाई मशीनवरची मुलगी पाय थांबवून बघायला लागली. त्याला राग आला नाही. तो खाली बसला आणि कचऱ्यातले माझे तुकडे उचलून उजेडात धरू लागला.

"पण हे तुकडं का झाले? माझी अक्षरं अखंड निघत्यात."

बाईला बोलावलं. तिने पडद्यावर चित्र मोठं केलं. मी प्रत्येक अक्षर वेगळ्या पाटीतून उचललेलं, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या रेघेचा तुकडा होता. मी ते एकमेकांवर सरकवून रेघ सलग दिसेल असं जुळवलं होतं. डोळ्याला ती एक रेघ होती. मशीनला मात्र ते एकावर एक चढलेले आठ तुकडे होते, आणि त्याने इमानदारीत प्रत्येक सांध्यावर पातं फिरवलं होतं.

"असंच चिकटवलं असतं तर आज दिसलं नसतं, काका," ती म्हणाली. "पण उन्हात प्रत्येक सांधा उचलला असता. सगळ्यांना एकत्र जोडायचं, मगच कापायचं."

तिने एक बटण दाखवलं. मी दाबलं आणि आठ दुकानांचे तुकडे मिळून डोक्यावर एकच रेघ झाली. जी रेघ ओढताना मी आयुष्यभर श्वास रोखला ती बोट टेकवून झाली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण लगेच असं वाटलं की मी काहीतरी चोरतोय, आणि चोरतोय तेही स्वतःच्याच घरातून. हे म्हणजे नेमकं काय, ते मला तेव्हा उमगलं नाही.

तिसऱ्यांदा कापलं तेव्हा जमलं. आजूबाजूचं उपटलं, अक्षरं राहिली. पांढऱ्या पत्र्यावर साबणाचं पाणी मारून, टेपवर उचललेली अक्षरं अलगद बसवून, प्लास्टिकच्या पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं असतं. पट्टी घोटीवाल्याने फिरवली. मी फक्त "वर, अजून वर" करत होतो. टेप सोलली आणि आम्ही तिघंही मागे सरकून बघायला लागलो. बोर्ड सुंदर होता. माझ्या ऐन उमेदीतलं अक्षर होतं ते, एक कड हललेली नाही. "पेंटर, तुमचा हात लय जबर हाय," घोटीवाला म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

दीड महिन्यात मुलगी चारदा घरी येऊन गेली. प्रत्येक वेळी मी "पहिला हात झालाय", "रंग वाळतोय" असं सांगत राहिलो. ताकास तूर लागू दिली नाही. ती "बरं" म्हणायची आणि थोडा वेळ उगाच थांबायची. तिला उद्घाटनाची काळजी असेल असं मी धरून चाललो.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी बोर्ड गाळ्यावर चढवला. लावणारे शिडी तिथेच ठेवून निघून गेले. मुलगी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि खूप वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो, ती काय म्हणते त्याची. इतकी वाट मी कुठल्या गिऱ्हाइकाची पाहिली नव्हती. ती परत आली आणि म्हणाली, "हा फरसाणवाल्याचा फ आहे."

फरसाणवाल्याचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली असतील.

"शाळेत जाताना रोज दिसायचा. मैत्रिणींना दाखवायचे मी. आणि हा पैठणीचा प. बाबा, ही अक्षरं आत्ताची नाहीत." तिने शिडीच्या दोन पायऱ्या चढून अक्षराच्या कडेवर नख फिरवलं. "रंग नाहीये हा. चिकटवलंय."

"मग? अक्षर माझंच आहे ना?" माझा आवाज चढला. "मशीनने कापलं म्हणून काय झालं? मी शिकलो ते. या वयात शिकलो. तुला माहितीये, माथ्याची रेघ जोडायला किती…"

"अक्षर तुमचंच आहे," ती म्हणाली. "आत चला."

आत नवीन रंगाचा वास होता. दोन खुर्च्या होत्या, एक उंच टेबल होतं. तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"दिवाळीपासून तुम्ही चहा डाव्या हाताने घेता. सही करायची असली की चष्मा सापडत नाही. मी विचारलं असतं तर ओरडला असतात. म्हणून बोर्ड सांगितला. म्हटलं, ब्रश हातात घेतील, जमणार नाही, आणि एक दिवस स्वतःहून येऊन सांगतील. मी दीड महिना वाट बघतेय, बाबा."

मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती मला संधी देत होती, आणि आम्ही दोघं बोर्डाबद्दल बोलत होतो. कोण कुणाला फसवत होतं? रागावू की माफी मागू तेही ठरेना. तोंडातून निघालं ते एवढंच, "हात हलतो गं."

हे शब्द मी बायकोसमोरही कधी उच्चारले नव्हते. तिला ते दिसलं होतं, मी सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?"

"पावसाळा संपताना."

तिने मनात महिने मोजले असावेत. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लगेच आवरलं, आणि तिचा आवाज बदलला. पेशंटशी बोलतानाचा असावा. मी तो कधी ऐकला नव्हता.

"काम करताना हलतो, की नुसता ठेवला तरी हलतो?"

मी विचार केला. मला माहीत नव्हतं. इतके महिने मी त्या हाताला खिशात घातलं होतं, धरून ठेवलं होतं, पाठीमागे लपवलं होतं. ब्रश धरलेला हात मी पाहिला होता. काहीच न करणारा हात मी एकदाही पाहिला नव्हता.

"मांडीवर ठेवा," ती म्हणाली. "सैल सोडा. धरून ठेवू नका. नुसता थकवा असेल तर असा ठेवल्यावर हलणार नाही."

मी ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. बाहेरून कुणीतरी बोर्ड वाचत गेलं. हात थोडा वेळ शांत होता, मला वाटलं सुटलो. मग अंगठा हळूहळू तर्जनीवर घासायला लागला, बारीक गोळी वळावी तसा, माझ्या मनात नसताना. मी मुलीकडे पाहिलं. तिचं सगळं शिक्षण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि हे उत्तर तिला नको होतं एवढं मला अडाण्यालाही कळलं.

तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला नाही. तो हलताना तिला नीट बघायचा होता.

"उद्या सकाळी आपण मेंदूच्या डॉक्टरांकडे जातोय," ती म्हणाली.

"उद्या तुझं उद्घाटन आहे."

"ते दुपारी करू."

मी हो म्हणालो.